रायचा ब्रेड, मोहोळची टर्की

टर्कीचं सँडविच चांगलं व्हायचं असेल तर सुरुवात ब्रेडपासून करावी. टर्कीच्या छातीचं मांस चवीला सौम्य असतं, त्यात चरबी जवळजवळ नसते, आणि मैद्याच्या मऊ पावात घातलं की ते हरवून जातं. त्याला सोबत हवी आंबूस, दाट, नीट चावून खाव्या लागणाऱ्या ब्रेडची. राय नावाच्या धान्याचा ब्रेड तसा असतो. न्यूयॉर्कच्या डेलींमध्ये, म्हणजे तिथल्या सँडविचच्या दुकानांत, टर्की आणि राय ही जोडी इतकी वर्षं टिकून आहे ती त्यामुळेच.

माझी लेक तिकडे शिकायला होती तेव्हा दुपारच्या जेवणाला बरेचदा हेच खायची. सोलापूरला आली की पहिल्या दिवशी तिला शेंगाचटणी आणि कडक भाकरी लागते, पण पुढच्या आठवड्यात कधीतरी त्या सँडविचचा विषय निघतोच. यंदाच्या हिवाळ्यात ती महिनाभर घरी असणार होती. मी ठरवलं की ते इथेच करायचं आणि करायचं तर सगळं घरी करायचं, ब्रेडपासून लोणच्याच्या काकडीपर्यंत.

रायचं पीठ मला इथल्या दुकानांत मिळालं नाही, ते ऑनलाइन मागवलं. राय हे पोलंड, जर्मनी, रशियाकडचं धान्य. कडाक्याची थंडी आणि हलकी, रेताड जमीन, जिथे गहू तग धरत नाही तिथे हे उभं राहतं. पीठ करडं, किंचित हिरवट झाक असलेलं, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या रानाचा. पूर्व युरोपातून अमेरिकेला गेलेल्या ज्यू लोकांनी हा ब्रेड बरोबर नेला. तिकडे गहू मुबलक, त्यामुळे ब्रेडमध्ये गव्हाचं पीठ वाढलं आणि तो हलका झाला. सँडविचला तोच बरा. नुसत्या रायचा ब्रेड फार जड होतो, त्यात मांसाची चव दबते.

पहिल्यांदा पीठ भिजवलं तेव्हा सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. पंच्याहत्तरी उलटली तरी भाकऱ्या त्याच थापतात. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांनी परातीत बोट घातलं, दोन बोटांत पीठ चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याला विरी नाही गं. जुन्या ज्वारीगत लागतंय. आधण घालून बघ की."

मी हातातलं काम थांबवलं, कारण त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून आपण भाकरीच्या पिठात कढत पाणी घालतो. पिठातला स्टार्च त्या उष्णतेने फुगतो, चिकट होतो आणि भाकरीला तोच धरून ठेवतो. पीठ जुनं झालं, विरी म्हणजे त्याचा चिकटपणा गेला, की आधण जास्त घालायचं, हे सोलापुरातल्या कुठल्याही घरात पोरीबाळींना ठाऊक असतं. रायमध्ये ग्लुटेनची प्रथिनं असतात, पण ती गव्हासारखी जाळी विणत नाहीत. वर पेंटोसन नावाचे घटक भरपूर, ते पाणी शोषून घेतात आणि गोळा हाताला चिकटत राहतो. रशियात आणि बाल्टिक देशांत रायचं थोडं पीठ आधी उकळत्या पाण्यात भिजवून ठेवायची जुनी रीत आहे. आत्यांनी ते देश पाहिलेले नाहीत. त्यांनी ज्वारी पाहिली आहे.

तेव्हापासून ह्या ब्रेडचं पीठ आम्ही दोघी मिळून करतो. प्रमाण असं बसलंय. आदल्या संध्याकाळी १०० ग्रॅम रायचं पीठ, १०० मिली पाणी आणि चमचाभर जुना स्टार्टर (आधीच्या आंबवणातून राखून ठेवलेलं विरजण) एकत्र करून वर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरायचं. सकाळपर्यंत आतलं आंबवण फुगतं आणि वरच्या कोरड्या थराला भेगा पडतात. त्या भेगा रुंद झाल्या आणि वास फळासारखा आंबट आला की ते तयार. त्याच रात्री ५० ग्रॅम पिठावर १०० मिली उकळतं पाणी ओतून, ढवळून, झाकून ठेवायचं. सकाळी हे दोन्ही, आणखी ५० ग्रॅम राय, ३०० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम मीठ, मोठा चमचाभर कॅरवे आणि लागेल तसं सव्वाशे-दीडशे मिली पाणी. कॅरवे घेताना वास घेऊनच घ्या. शहाजिरं म्हणून दुकानात दोन वेगळ्या बिया मिळतात. बिर्याणीतलं बारीक काळं नको. थोडं जाड, बाकदार, तपकिरी, बडीशेपेच्या अंगाने जाणारं हवं.

आंबवण इथे नुसतं चवीसाठी नसतं. रायच्या पिठात स्टार्च तोडणारं अमायलेज हे विकर जोरात असतं. ब्रेड भट्टीत तापत असताना ते काम करत राहिलं तर ब्रेड आतून गिच्च होतो, सुरीला चिकटतो. आंबटपणा त्या विकराला आवर घालतो. त्यामुळे रायचा ब्रेड यीस्टवर झटपट करायच्या फंदात मी पडत नाही. आंबवणाला त्याचा वेळ देते. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सोलापूरची रात्र ह्या कामाला फार चांगली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की आंबवण रात्रीतच उतरून जातं. तेव्हा भांडं माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचं आणि पाणी फ्रीजमधलं वापरायचं.

मळायचं फार नाही. पोळीच्या कणकेचा ताण इथे शोधायला जाऊ नये. हात ओले करून गोळा एकत्र आणायचा, दोनदा घडी घालायची, आणि आकार देताना वरून ओला तळवा फिरवायचा. भाकरीच्या पाठीला आपण पाणी फिरवतो तीच हालचाल. आत्यांच्या हातून तो गोळा इतका गुळगुळीत झाला की लेक त्याचा फोटो काढत बसली. मग तास-दीड तास फुगवण, वर तीन तिरके काप, पातळ शिजवलेल्या कॉर्नफ्लोअरचा हात, आणि २३० अंशांवर पंधरा मिनिटं, खालच्या ट्रेमध्ये गरम पाणी. पुढे २०० अंशांवर अर्धा तास. बाहेर काढल्यावर पुन्हा एकदा कॉर्नफ्लोअरचं पाणी फिरवलं की कवच चकाकतं.

आणि मग तो कापायचा नाही. सगळ्यात अवघड हेच आहे, घरभर वास सुटलेला असताना. पण रायचा ब्रेड गरम कापला की आत ओलसर, गोळा गोळा लागतो. पंच्यात गुंडाळून रात्रभर ठेवला की आतला ओलावा सगळीकडे सारखा होतो, आंबटपणा मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी सुरी स्वच्छ बाहेर येते. सँडविचला दुसऱ्या दिवसाचाच ब्रेड हवा. ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

टर्की मात्र मिळवावी लागली. मोहोळच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्याने गावरान कोंबड्यांबरोबर पाच-दहा टर्की सोडलेल्या आहेत. मोहोळ म्हटलं की आमच्याकडे ज्वारी. तिथल्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत पेरली जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच उभी होती. वस्तीवर पोचलो तर ज्वारीच्या ताटांआडून नर टर्की पिसारा फुलवून, गळ्याची लाल झोळी हलवत समोर आला. दिसायला पाहुणा, पण हा पक्षी आपल्या बाजूला फार जुना आहे. मूळचा अमेरिकेतला, पण १६१२ च्या सुमारास गोव्याहून जहांगीरच्या दरबारात पोचला होता, आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. लेकीने ते पाहिलंय. ती म्हणाली, झोळीवरची एकेक गाठ त्यात दिसते.

शेतकरीदादांनी नर दाखवला, मी मादी मागितली. नर वजनाला भरतो, पण मोठ्या नराचं मांस राठ असतं, आणि आमच्या ओव्हनमध्ये तो मावलाही नसता. "वहिनी, सोलून देऊ का?" त्यांनी विचारलं. हे आधीच सांगून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे कोंबडी कातडं ओढूनच मिळते, आणि रश्श्याला ते चालतंही. पण टर्की भाजताना छातीवर कातडं नसेल तर मांस वाळून काथ्या होतो. मी म्हटलं, "कातडं राहू द्या, नुसती पिसं काढा." मग त्यांच्या घरच्या काकूंनी गावरान कोंबडी करतात तशीच ती केली. कढत पाण्यात बुडवून पिसं उपटली, उरलेली लव जाळावर धरून भाजली, वरून हळद चोळली. हळद मी घरी धुऊन टाकली, पण जाळाचा तो पुसटसा वास कातड्याला राहिला आणि भाजल्यावर फार चांगला लागला.

पाय आणि मांड्या वेगळ्या काढल्या. त्यात शिरा आणि चरबी जास्त, त्या मंद आचेवर बराच वेळ शिजाव्या लागतात. तेवढा वेळ दिला तर छाती कोरडी पडते. म्हणून आख्खा पक्षी एकदम भाजायचा हट्ट सोडला. मांड्यांचा काळ्या तिखटाचा रस्सा झाला आणि आत्यांनी तो भाकरी कुस्करून खाल्ला. हाडांचं पाणी काढून आटवलं. ते फ्रीजमध्ये थिजून लागतं, त्याचं काम पुढे येतं.

छाती हाडासकट मिठाच्या पाण्यात ठेवली. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम मीठ, मूठभरापेक्षा कमी गूळ, मिरी, तमालपत्र, ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या. पाणी उकळून पूर्ण गार केल्यावरच मांस त्यात घालायचं आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवायचं. रात्रभरात मीठ आतपर्यंत शिरतं, आणि मिठामुळे मांसातली प्रथिनं पाणी धरून ठेवायला लागतात. भाजताना ते सगळं निथळून जात नाही. ऐन भाजताना वरून लावलेल्या मिठा-मसाल्याने हे साधत नाही, कारण सँडविचमध्ये मांसाचे पातळ काप असतात आणि प्रत्येक काप आतून चवीला लागायला हवा. सकाळी बाहेर काढून पुसून कोरडी केली, कातड्याखाली बोटं सरकवून लोणी आणि कुटलेली मिरी भरली, आणि १६० अंशांवर ओव्हनमध्ये.

किती वेळ हे मी घड्याळावर ठरवत नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर आता कुठेही मिळतो. टर्की सुरक्षित होते ती ७४ अंशांना. मी ७२ ला बाहेर काढते, वरून झाकते आणि सुई तशीच ठेवते. बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि आकडा ७४ वर येतो. तो आला की मन निश्चिंत. ८० च्या पुढे गेलेली छाती कितीही मोहरी लावली तरी घशात अडकते.

ही छाती गरम असताना कापायची नाही. पूर्ण गार करून, गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची. गार मांस घट्ट होतं आणि धारदार सुरीने त्याचे इतके पातळ काप निघतात की पलीकडचा हात दिसावा. धागे कुठल्या दिशेने जातात ते बघून त्यांना आडवं कापायचं. मग प्रत्येक धागा तोकडा होतो आणि घास दातांत ओढला जात नाही. काप ताटात पसरले की थिजलेलं हाडांचं पाणी जरा कोमट करून त्यावर चमच्याने फिरवायचं. मांसाला तकाकी येते आणि टर्कीची स्वतःची चव दुप्पट होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रस्सा करताना उरलेलं पाणी समोर होतं, आणि ते मोरीत ओतायला जीव होईना.

मोहरीसाठी लेक दुकानातली बाटली आणायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. तिकडे टर्कीबरोबर हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ किसून मेयोनेजमध्ये घालतात, ते सोलापुरात कुठून मिळणार? पण त्याचा नाकात जाणारा झणका ज्या द्रव्याचा असतो, तेच द्रव्य आपल्या बारीक काळपट मोहरीत असतं. आणि मोहरी फेसणं तर आपल्या हाताखालचं काम. मोहरीची पूड पाट्यावर गार पाणी शिंपडत वाटायची, ती फिकट होते, फुलते, आणि डोळ्यांत पाणी आलं की समजायचं फेसली. पाणी गारच हवं. कढत पाण्याने आतलं विकर मरतं आणि झणका उठतच नाही, नुसता कडवटपणा राहतो. फेसून झाल्यावर दहा मिनिटांनी थोडं व्हिनेगर आणि मीठ घातलं की झणका तिथेच धरला जातो. ही मोहरी एक चमचा, मेयोनेज तीन चमचे, चवीपुरती साखर. लेकीने चमचा तोंडात घातला, नाक धरलं आणि म्हणाली, "आई, हे त्यांच्याहून चांगलंय."

काकड्या आठवडाभर आधी घातल्या होत्या. तिकडची डिल म्हणजे शेपूच्याच कुळातली, चवीला शेपूच्या अगदी जवळ, आणि शेपू लक्ष्मी मंडईत ढिगाने असतो. बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या, लिटरभर पाण्याला ४० ग्रॅम मीठ, लसूण, मिरी आणि शेपूच्या जून काड्या. कोवळ्या पानांपेक्षा काड्यांत आणि तुऱ्यांत वास जास्त. काकड्या पाण्याखाली बुडालेल्या राहतील असं वजन ठेवायचं. पाणी गढूळलं, बुडबुडे आले, चव आंबट झाली की बरणी फ्रीजमध्ये. आत्यांना मात्र हे लोणचं पटलं नाही. तिखट नाही, तेल नाही, म्हणून त्या त्याला लोणचं म्हणायलाच तयार नाहीत.

आता रचना. ब्रेडचे काप बोटाच्या निम्म्या जाडीचे. ते भाजून कडक करायचे नाहीत. एकाच बाजूला लोणी लावून तेवढीच बाजू तव्यावर सोनेरी करायची, आणि ती बाजू आत ठेवायची. लोण्याचा थर ओल आत शिरू देत नाही आणि बाहेरून ब्रेड मऊ राहतो, टाळूला टोचत नाही. मोहरीचं मिश्रण दोन्ही कापांवर, अगदी कडेपर्यंत. मध्यभागी गोळा आणि कडा कोरड्या असं झालं की पहिले दोन घास वाया जातात. मग टर्की. काप एकावर एक सपाट रचले तर ते मांसाची वीट होऊन बसतात. प्रत्येक काप सैल दुमडून ठेवायचा, मध्ये हवा राहते आणि चावताना ते सुटे होतात. माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरे. तिकडे ह्याच्या दुप्पट-तिप्पट भरतात, पण त्यात ब्रेड कळत नाही, आणि इतकी मेहनत ब्रेडवर केल्यावर मला ते मान्य नाही.

टर्कीवर कोबी. कोबी केसासारखा बारीक चिरून, मीठ लावून, अर्ध्या तासाने मुठीत घट्ट पिळायचा, मग लिंबू आणि किंचित साखर. पिळणं टाळलं तर सगळं सँडविच पाणी सोडतं. त्यावर उभ्या कापलेल्या काकडीच्या फाका. चीज घातलं नाही. लेकीने आठवण काढली, पण खाल्ल्यावर तीच म्हणाली की नकोच होतं. टोमॅटोही नाही. आंबट द्यायला ब्रेड आहे, काकडी आहे, लिंबू आहे. वरचा काप ठेवून तळव्याने हलकं दाबायचं, मिनिटभर तसंच राहू द्यायचं आणि लांब सुरीने एका ओढीत कापायचं.

पहिला घास घेताना दात आधी कवचात रुततात, मग लोण्याची खरपूस बाजू, मग नाकात मोहरी, आणि त्याच्या पाठोपाठ गार, खारट-गोडसर मांस. कॅरवेचा दाणा मध्येच दाताखाली येतो. टर्की बेचव असते असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की तिला आधी मीठ द्या आणि मग आंबट ब्रेडच्या हवाली करा.

लेक पुण्याला निघाली तेव्हा पहाटे उठून चार करून दिली. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, खायची वेळ दौंडच्या आसपास. डब्यासाठी थोडा बदल केला. काकडी वेगळ्या डबीत, कोबी दोनदा पिळलेला, सँडविच बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून वर सुती रुमाल. हिवाळ्यात तीन तास ते बाहेर राहतं आणि रायचा ब्रेड ओल्याला दाद देत नाही, उलट मोहरी मुरते. उन्हाळ्यात मात्र बर्फाच्या पिशवीशिवाय कुणालाही देऊ नये, मेयोनेज आणि मांस दोन्ही लगेच बिघडतात. भाजलेली छाती फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहते, ब्रेड बाहेर पंच्यात चार-पाच दिवस. मोहोळच्या दादांना पुढच्या मादीचं सांगून ठेवलंय, आणि ह्या वेळी दिवाळीनंतर लगेच, म्हणजे आंबवणालाही थंडी मिळेल.